रायफलला टोपरं

खांद्याच्या ऑपरेशनला चार महिने झाले, तेव्हा डेलमर टॉलेफसनने कोठाराच्या मागे जाऊन आपल्या मॅग्नम रायफलची एक गोळी झाडून पाहिली. गोळी समोरच्या मातीच्या बांधात गेली आणि डेलमर मागच्या मागे मेंढ्यांच्या पाण्याच्या टाक्यात जाऊन बसला. टाकं काठोकाठ भरलेलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्याच बाजूला होती, त्यामुळे बायकोला काही सांगायची गरज पडली नाही.

मार्लिस हात पुसत बाहेर आली. तिने आधी रायफल उचलून कोरड्या जागी ठेवली आणि मग नवऱ्याला हात दिला.

"किती गोळ्या मारल्यास?"

"एक."

"आणि खांदा?"

"आहे," डेलमर म्हणाला, पण तो कुठे आहे हे बघायला त्याने मान वळवली नाही.

डॉक्टरीणबाईंनी जूनमध्येच सांगितलं होतं की आतले स्नायू दोऱ्याने शिवलेत, असा एक दणका बसला तर पुढे केससुद्धा विंचरता येणार नाहीत. डेलमरने टोपी काढून त्यांना आपलं टक्कल दाखवलं होतं आणि प्रकरण विनोदावर नेलं होतं. मार्लिसने तो विनोद तेव्हाही हसण्यावारी नेला नव्हता. आता तिने टाक्याच्या काठावर उभं राहून तीन वाटा सांगितल्या. एक, त्या घोड्याएवढ्या एल्क हरणाच्या शिकारीला माझी हलकी रायफल ने. दोन, नळीला ब्रेक बसव. तीन, घरी बस आणि माझ्याबरोबर सफरचंदं सोल.

"तुझी रायफल नेऊन काय एल्कला गुदगुल्या करू?"

"मग ब्रेक बसव."

 भिजलेल्या विजारीने डेलमर तसाच घरात गेला.

आता हा ब्रेक म्हणजे नळीच्या तोंडावर आट्यांनी बसवायचा बोटभर लांबीचा लोखंडी तुकडा. त्याला बाजूंनी भोकं असतात. गोळी सुटली की तिच्यामागचा वायू त्या भोकांतून बाजूला आणि थोडा मागे फेकला जातो आणि रायफलची लाथ निम्म्याने कमी होते. मारणाऱ्याचा खांदा वाचतो. शेजारी बसलेल्याचे कान मात्र कामातून जातात, कारण जो आवाज पुढे जायचा तो त्याच्याकडे वळतो. थोडक्यात, सुख आपलं आणि भोग शेजाऱ्याचे. म्हणून मोंटानातल्या ब्रोकन फोर्क गावात ब्रेकवाल्या माणसाकडे, चर्चमध्ये शिट्टी वाजवणाऱ्याकडे बघावं तसं बघतात.

आणि तसं बघायला गावाला शिकवलं होतं डेलमरनेच. अकरा वर्षांपूर्वी शहरातला एक दाताचा डॉक्टर ब्रेक लावलेली रायफल घेऊन क्लबच्या मैदानावर आला आणि हार्लन क्विस्टच्या शेजारी बसून त्याने ती झाडली. हार्लनची टोपी उडाली आणि डाव्या कानात नाताळपर्यंत रातकिडे ओरडत राहिले. डेलमर तेव्हा नुकताच क्लबचा अध्यक्ष झाला होता. त्याने त्याच संध्याकाळी बैठक बोलावून नियम सतरा लिहून घेतला. ब्रेकवाल्यांनी शेवटच्या बाकावर, ट्रॅक्टरच्या टायरांच्या भिंतीपलीकडे बसावं, तेही दुपारी बाकी मंडळी जेवत असताना; मोडेल त्याने सगळ्या क्लबची भांडी घासावीत. "ज्याला स्वतःच्या रायफलची लाथ सोसत नाही, त्याने गोट्या खेळाव्यात," असंही तो त्या बैठकीत म्हणाला होता. हे वाक्य लोकांना इतकं आवडलं की कुणीतरी ते फळीवर कोरून क्लबच्या दारावर लावलं. खाली डेलमरचं नावही होतं.

तेही एक वेळ गिळता आलं असतं. भांडी घासली असती, फळी काढून जाळली असती. पण खरी गोम हार्लन होता.

एकतीस वर्षं दर ऑक्टोबरात डेलमर आणि हार्लन लोन पाइन खोऱ्यात एल्कच्या शिकारीला जात. तंबू हार्लनचा, शेगडी हार्लनची, सामान वाहणारी खेचरंही हार्लनची. डेलमरचं काय, तर तंबूतली उजवीकडची खाट. त्या दहा दिवसांसाठी तो वर्षातले बाकीचे दिवस काढायचा असं म्हटलं तरी चालेल. हार्लनच्या तंबूत तीन गोष्टींना मज्जाव होता: राजकारण, डबाबंद बीन्स आणि ब्रेक. सख्ख्या जावयाच्या रायफलीवर ब्रेक दिसला म्हणून त्याला हार्लनने अर्ध्या वाटेवरून नऊ मैल परत चालत पाठवलं होतं. मुलीने त्यावर दोन वर्षं सणाला घरचा केक भाजून पाठवला नाही, तरी हार्लन हलला नाही. जावयाची ही गत, तर मित्राची काय होईल? म्हणजे ब्रेक लावला तर खाट जाणार आणि नाही लावला तर खांदा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शेवटी मार्लिसनेच रायफल गाडीत टाकली आणि शेजारच्या जिल्ह्यात, जिथे डेलमरला कुणी ओळखत नाही अशा गावी, आयडा मॅक्रे नावाच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या बाईकडे दोघं गेली. आयडाने नळीला आटे पाडले, ब्रेक बसवला आणि ब्रेक काढला तर आटे झाकायला एक छोटं टोपणही दिलं. टोपण बघून डेलमरचा चेहरा फुलला. त्याच्या डोक्यात लगेच बेत शिजला: लोकांसमोर टोपण लावायचं आणि डोंगरात, हार्लन दूर असला की ब्रेक चढवायचा.

आयडा म्हणाली, "तसलं काही करू नका. ब्रेक काढला की गोळीची जागा बदलते. ज्याने निशाण जुळवाल त्यानेच शिकार करा."

घरी येऊन डेलमरने ते करून पाहिलं. ब्रेक लावून पाच गोळ्या मारल्या. पाचही एका तळहातात मावतील अशा लागल्या आणि खांद्याला नुसतं कुणीतरी थोपटल्यासारखं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो शीळ घालत घरात आला. मग त्याने छातीवर दुलई बांधून टोपणाने एकच गोळी मारली. ती बांध सोडून मार्लिसच्या खताच्या ढिगात गेली. बाई खरं बोलत होती.

आणि इथेच अडचण होती. सीझनच्या आधीच्या शनिवारी सगळा गाव मैदानावर निशाण जुळवायला जमतो. हार्लनच्या तंबूचा रिवाज असा, की त्या दिवशी दोनशे यार्डांवरच्या कागदी ताटलीत तीन गोळ्या बसवायच्या आणि जोडीदाराने शेजारी बसून, दुर्बिणीतून बघून, त्या मोजायच्या. तीन बसल्या नाहीत तर डोंगर नाही. जखमी जनावर मागे सोडण्यापेक्षा माणूस मागे सोडलेला बरा, असं हार्लन म्हणायचा आणि त्यात काही चूक नव्हती. म्हणजे डेलमरला ब्रेक लावूनच मारायचं होतं, तेही हार्लनच्या खांद्याला खांदा लावून.

"हार्लनला सरळ सांग," मार्लिस म्हणाली.

"एकतीस वर्षं, मार्लिस."

"म्हणूनच म्हणते."

"तू सुया घे," डेलमर म्हणाला.

त्याच्या सांगण्यावरून मार्लिसने दोन संध्याकाळी खपून नारिंगी लोकरीचं एक टोपरं विणलं. पुढून उघडं, म्हणजे गोळी जायला वाट. बाजूंनी मात्र घट्ट, म्हणजे ब्रेक दिसायला नको. बर्फ आणि चिखल नळीत जाऊ नये म्हणून शिकारी लोक नळीच्या तोंडाला काय काय लावतात, कुणी चिकटपट्टी, कुणी फुगा. त्यात एक टोपरं खपून जाईल असा डेलमरचा हिशेब होता. नळीपेक्षा टोकच जाड दिसत होतं, पण लोकर म्हटल्यावर तेवढं चालायचं. विणून झाल्यावर मार्लिसने ते हातावर चढवून पाहिलं आणि नातवंडाला बरं झालं असतं एवढंच म्हणाली.

शनिवारी मैदानावर नेहमीची जत्रा होती. चिलीची, म्हणजे तिखट मांसरश्श्याची, मोठमोठी पातेली, दालचिनीचे गोड रोल, जिकडे तिकडे नारिंगी जाकिटं. डेलमरने दार टाळून, म्हणजे ती फळी टाळून, कुंपणाच्या बाजूने प्रवेश केला. रायफल खोक्यातून निघाली आणि पहिल्या मिनिटाला पाद्री ओल्सटॅड, जे क्लबचे चिटणीसही होते, टोपऱ्यापाशी येऊन थबकले.

"डेलमर, हे काय बाळंतविडा आहे?"

"मार्लिसने विणलंय. आता नाही कसं म्हणणार?"

हे उत्तर त्याने घरी आठ वेळा घोकलं होतं आणि ते इतकं चांगलं वठलं की त्यानेच घात झाला. ओल्सटॅडबाई कौतुकाने बघायला आल्या. त्यांनी आणखी दोघींना हाक मारली. बायकोचं मन राखणारा नवरा ब्रोकन फोर्कमध्ये वरचेवर दिसत नाही, त्यामुळे टोपऱ्यापेक्षा डेलमरलाच बघायला जास्त गर्दी झाली. तिघींनी आपापल्या नवऱ्यांच्या रायफलींसाठी तशीच टोपरी मार्लिसला विणायला सांगितली, त्यातल्या एकीने जांभळ्या रंगात. मार्लिस हसून हो हो म्हणत होती आणि मधूनच नवऱ्याकडे जे बघत होती त्याचा अर्थ डेलमरला नीट कळत होता. झाकली मूठ राहावी म्हणून केलेल्या टोपऱ्याने मुठीभोवती सगळा गाव गोळा केला होता.

हार्लन मात्र त्यात नव्हता. तो चौथ्या बाकावर दुर्बीण लावून, कानांवर जाड झाकणं चढवून केव्हाचा बसला होता. उंचपुरा, सडसडीत, सहा वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून एकटाच खेचरांबरोबर राहणारा माणूस. डेलमर शेजारी बसल्यावर त्याने नेहमीप्रमाणे स्वतःच बोलायला सुरुवात केली: धाकटं खेचर लंगडतंय, शेगडीचं धुराडं बदललं, यंदा बर्फ लवकर आहे. टोपऱ्याकडे त्याने एकदा पाहिलं, भुवया उडवल्या आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला.

"गोळीबार सुरू," असा पुकारा झाला. सगळ्यांनी कानांवर झाकणं ओढली. डेलमरने दस्ता खांद्याला लावला. मागे निदान वीस माणसं टोपरं बघायला उभी होती. एका क्षणी त्याला वाटलं की उठावं, हार्लनचा हात धरावा आणि सगळं सांगून टाकावं. पण तेवढ्यात हार्लन म्हणाला, "चल, मार," आणि एकतीस वर्षांच्या सवयीने बोट आपोआप दाबलं गेलं.

टोपरं राहिलं नाही. वायूचा असा लोट बाजूंना गेला की बाकाखालची सुकी धूळ उठून पाचव्या बाकावरच्या माणसाचा पांढरा शुभ्र शर्ट मातकट झाला. चिटणीसांच्या हातातले कागद कुंपणापलीकडे गेले. नारिंगी लोकरीचे झुपके हवेत उडाले. एक पाद्र्यांच्या चष्म्यावर बसला, दोन रोलवरच्या साखरेत चिकटले. धूळ खाली बसली तेव्हा नळीच्या टोकाला काळाकभिन्न, सहा भोकांचा ब्रेक उन्हात चकाकत होता आणि वीस माणसं त्याच्याकडे बघत होती.  चिली रटरटत होती तेवढाच आवाज.

डेलमरने मान वळवून हार्लनकडे पाहिलं. खाट गेली, हे त्याने मनाशी धरूनच ठेवलं होतं.

हार्लन दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाला, "दोन इंच उजवीकडे. चांगली आहे. पुढची मार."

 डेलमरने पुढची मारली. पाचव्या बाकावरचा माणूस उठून पळाला. हार्लन जागचा हलला नाही. तिसरीही मारली. "तिन्ही ताटलीत," हार्लन म्हणाला आणि त्याच्या पाठीवर थाप दिली, तीसुद्धा आठवणीने डाव्या बाजूला.

मागे कुजबुज सुरू झाली. जावयाला नऊ मैल चालवणारा हार्लन क्विस्ट मित्रासाठी तीन गोळ्या कानाशी झेलून हूं की चूं करत नाही, हे बघून ओल्सटॅडबाईंनी डोळे पुसले. पाद्र्यांना तर रविवारचं प्रवचनच मिळालं.  असा मित्र आपण टोपरं घालून फसवायला निघालो, याची डेलमरला मनापासून लाज वाटली.

एवढ्यात मार्लिस ओरडली, "हार्लन, टोपी!" लोकरीचा एक धुमसता झुपका हार्लनच्या टोपीच्या शेंड्यावर पडला होता आणि तिथून निळसर धूर निघत होता. पाद्रीही ओरडले. मग सगळेच ओरडले. हार्लनने तोवर झाकणं काढून मांडीवर ठेवली होती आणि तो शांतपणे दुर्बीण पुसत होता. त्याच्या मागे वीस माणसं त्याच्या नावाने बोंबलत होती आणि तो काच पुसत होता. डेलमरने पुढे होऊन टोपीवर चापट मारली तेव्हा कुठे तो दचकून वळला. आणि वळल्यावर त्याने डेलमरच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे पाहिलं.

डेलमरच्या लख्ख डोक्यात प्रकाश पडला.

पाद्री पुढे आले आणि धुळीमुळे तोंडावर धरलेला रुमाल न काढताच भारावून म्हणाले, "हार्लन, ब्रेक असूनसुद्धा तू त्याला माफ केलंस, होय ना?" हार्लनने त्यांच्याकडे बघून हसत मान डोलावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खरं तर इथे डेलमरचं काम झालं होतं. खाट शाबूत, खांदा शाबूत, वर टाळ्या. गप्प बसला असता तर वीस साक्षीदारांसमोर परवानगी मिळालीच होती. पण ज्या माणसाला काय विचारलं हेच कळलं नाही, त्याची परवानगी खिशात घालणं त्याला जमेना. भांडी मी घासणार आहेच, एवढं चिटणीसांना सांगून त्याने हार्लनला दंडाला धरलं आणि त्याच्याच गाडीपाशी नेलं. दोघं आत बसले. डेलमरने दोन्ही काचा वर केल्या आणि समोरासमोर तोंड करून, सावकाश विचारलं, "कधीपासून?"

हार्लनने स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली.

"डावा कान दोन हिवाळ्यांपूर्वी गेला. उजव्यात थोडं आहे. समोरून बोलला तर कळतं."

"कुणाला ठाऊक आहे?"

"खेचरांना. ती कुणाला सांगत नाहीत."

गावात कुणाच्या लक्षात आलं नाही, यात गावाचा दोष नव्हता. हार्लन आधीही कुणाचं ऐकत नसे.

"अरे, मग मला सांगायचंस."

"तुला काय सांगू? अस्वलांच्या मुलुखात बहिऱ्याबरोबर कोण जातं? तुझा पाय मोडला, तू हाका मारल्यास, मी काच पुसत बसलो तर? तू दुसरा जोडीदार बघितला असतास. बघायलाही हवा होतास. मीच तोंड उघडलं नाही."

डेलमर काही बोलणार तेवढ्यात त्याला दुसरंच काहीतरी आठवलं आणि तो जागच्या जागी ताठ बसला.

"थांब. गेल्या वर्षी पहाटे एल्क ओरडला, मी तुला विचारलं कुठून, तर तू पश्चिमेकडे बोट दाखवलंस."

"अंदाजाने."

"मला पूर्वेकडून ऐकू आला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"खोऱ्यात सगळ्यात तिखट कान तुझे. मला वाटलं, माझेच गेले. वर्षभर मी त्या काळजीत आहे, हार्लन. मार्लिसला न सांगता गुपचूप जाऊन कान तपासून आलो. दोनदा."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, विशीतल्या पोरासारखे आहेत. माझा विश्वास बसला नाही."

हार्लनच्या मिशा आधी थरथरल्या, मग खांदे, आणि मग दोघंही गाडीच्या काचा धूसर होईपर्यंत हसले. डेलमरला हसताना उजवा खांदा धरावा लागत होता. ऑपरेशन हार्लनला ठाऊक होतं, त्यापुढचं तेव्हा डेलमरने सांगितलं: टाकं, शिवलेले स्नायू, आयडा मॅक्रे, ब्रेक, टोपरं, सगळं. हार्लन त्याच्या ओठांवर नजर ठेवून एकेक शब्द घेत होता. ब्रेक हा शब्द आला तेव्हा त्याने डेलमरला तो पुन्हा म्हणायला लावला.

"म्हणजे आत्ता ज्या तीन मारल्यास, त्या ब्रेकने? मला वाटलं वारा सुटलाय."

"हो."

"माझ्या शेजारी बसून?"

"हो."

"माझ्या तंबूत ब्रेक चालत नाही, ठाऊक आहे तुला."

"म्हणून तर सांगतोय," डेलमर म्हणाला. "खाट जायची असेल तर जाऊ दे. खोटं बोलून तिच्यावर झोप लागणार नाही."

हार्लनने समोरच्या काचेतून मैदानाकडे पाहिलं. तिथे मार्लिस आणि ओल्सटॅडबाई रोलवरची लोकर वेचत होत्या. 

"तो नियम कानांसाठी होता," हार्लन अखेर म्हणाला. "आता तंबूत कानांची एकच जोडी उरलीय, ती तुझी. तूच बोळे घालून सांभाळ. आणि एल्क ओरडेल तिकडे बोट तू दाखव, मी मुकाट्याने चालेन."

"आणि तुझा जावई?"

"त्याचे कान अजून चांगले आहेत. एवढ्यात सांगू नकोस, पण पुढल्या वर्षी त्यालाही घेऊ. हाका ऐकायला एक माणूस हवा."

त्याने गाडीचं दार उघडलं. बाहेर चिलीची तेरा पातेली डेलमरची वाट बघत होती. हार्लनने बाह्या वर सारल्या, न विचारता त्यातली मोठी सात आपल्याकडे ओढली आणि साबणाच्या पाण्यात हात घातले. घासता घासता तो डेलमरकडे वळला, त्याचं आपल्याकडे लक्ष आहे ना हे पाहिलं, आणि गेली दोन वर्षं जे त्याला कुणालाच सांगता आलं नव्हतं ते त्याने अगदी साध्या आवाजात सांगितलं.

"शुक्रवारी खेचरं लादायला येशील तेव्हा भोंगा वाजवत बसू नकोस. दार उघडंच असेल. सरळ आत ये आणि मला हलवून उठव. डाव्या हाताने हलव, उजवा एल्कसाठी ठेव."